विजळी, रामदास आणि आपला ठराव
(मंडळाच्या कडोदरा येथील सभेत केलेले भाषण)



सुरतहून रेल्वेने मुंबईला जाताना विरारच्या अलीकडे आपण वैतरणा नदी ओलांडतो. त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावणाऱ्या या नदीचे नाव एका आगबोटीला होते. बोटीवर विजेचे दिवे होते म्हणून गुजराती लोक तिला ‘विजळी’ म्हणत. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी ती कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली. द्वारकेला आणखी उतारू चढले. वादळी हवेमुळे पोरबंदरला थांबता आले नाही आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ ती नाहीशी झाली. सातशेच्या वर माणसे गेली. त्यांत लग्नाची वऱ्हाडे होती, मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुले होती. बोटीचा सांगाडाही मिळाला नाही. चौकशीत उघड झाले की जीव वाचवण्याची साधने पुरेशी नव्हती.

गुजरातने ‘विजळी’वर लोकगीते रचली. पण धडा घेतला गेला का? कोकणात स्वदेशीच्या भावनेतून ‘माझी आगबोट कंपनी’ उभी राहिली. तिच्या बोटींना संतांची नावे होती. १९२७ च्या नोव्हेंबरात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या बोटी एकाच दिवशी बुडाल्या. मग १७ जुलै १९४७. स्वातंत्र्य महिन्यावर आलेले. भर पावसाळ्यात सकाळी ‘रामदास’ भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. लाटांनी बोट कलली, घाबरलेले उतारू एका बाजूला धावले आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक बळी गेले. जे वाचले, त्यांतल्या अनेकांना रेवसच्या कोळी बांधवांनी वाचवले.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेची मुले बुडाली. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईजवळ घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली. दोन्ही वेळा बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते.

आपल्या हजिऱ्याहून घोघ्याची फेरी बोट ८ नोव्हेंबर २०२० ला सुरू झाली. तारीख ‘विजळी’चीच! म्हणून आपल्या मंडळाने गुजरात आणि महाराष्ट्र, दोन्ही सरकारांना ठराव पाठवावा, असे मी सुचवतो. क्षमतेपेक्षा एकही माणूस जास्त नको. प्रत्येक उतारूचे नाव किनाऱ्यावर नोंदलेले असावे. जॅकेट अंगावर चढल्याशिवाय बोट सुटू नये. पिढ्यान्‌पिढ्या आपण या दोन्ही किनाऱ्यांचे आहोत. ही मागणी आपण नाही तर कोण करणार?

जय महाराष्ट्र! जय गुजरात!