दुपारची वीज, संध्याकाळचे दिवे

मंडळी, आपल्या बेटम्याशेजारी इंदूरला जानेवारी २०२२ मध्ये ‘गेल’ने शहराच्या गॅस पाइपलाइनमध्ये हायड्रोजन मिसळायला सुरुवात केली, देशातला तो पहिलाच प्रयोग. २०२४ मध्ये गुना जिल्ह्यातल्या विजयपूरला १० मेगावॅटचा हरित हायड्रोजन प्रकल्पही सुरू झाला. याचे आम्हाला कौतुक आहे, पण हिशेबही बघू या.

एक किलो हायड्रोजनला ५० युनिटांहून जास्त वीज लागते. त्याची पुन्हा वीज केली, तर निम्मीही हाती येत नाही. म्हणून तो दुपारी, सौर वीज उरते तेव्हाच करावा. घरोघरी दिवे लागताना नव्हे. वापरावा खत-पोलादाच्या कारखान्यांत, जिथे नुसत्या विजेने भागत नाही. वीजवाले आणि गॅसवाले एकत्र बसून आखणी करतील, तरच आपले बिल आवाक्यात राहील आणि आरतीच्या वेळी दिवे जाणार नाहीत.

गणपती बाप्पा मोरया!