शाळेच्या बागेतील मोहोळ



शाळेच्या बागेशेजारी अवजारांची जी लहानशी खोली असते, तिचे दार सुट्टीत महिना-दीड महिना उघडत नाही. फावडी, घमेली, झाऱ्या आत पडून राहतात. भिंतीला कोठे भेग गेलेली असते, कोपऱ्यात एखादे रिकामे खोके पालथे असते. काळोख, कोरडी जागा आणि माणसाची वर्दळ नाही, एवढे एकत्र मिळाले की मधमाश्या तेथे बिऱ्हाड करतात. मग कोणी धीट गावकरी टेंभा पेटवून मोहोळ जाळतो, मुले लांबून टाळ्या पिटतात आणि प्रकरण संपले असे सर्वांना वाटते. पुढील वर्षी त्याच भेगेतून पुन्हा गुणगुण ऐकू येते.

‘माश्या मोठ्या चिवट’ असे यावर म्हटले जाते. पण ते बरोबर नव्हे. ऐन फुलोऱ्याच्या दिवसांत कामकरी माशीचे आयुष्य सुमारे सहा आठवड्यांचे. गतवर्षीची माशी परत येत नाही, नवी वसाहत येते. तिला बोलावणारी वस्तू खोलीतच राहून गेलेली असते. ती म्हणजे भिंतीला चिकटलेले मेण आणि त्याचा वास. शिवाय भेग तर उघडीच असते.

वसाहत भरभराटीस आली म्हणजे जुनी राणी बऱ्याच माश्यांसह घर सोडते. हा थवा फांदीला घोसासारखा लोंबकळतो आणि त्यातील काही अनुभवी माश्या जागेच्या शोधास निघतात. जर्मनीतील शास्त्रज्ञ मार्टिन लिंडाउअर यांना १९४९ साली अशा एका थव्यावर काजळीने आणि विटांच्या भुकटीने माखलेल्या माश्या नाचताना दिसल्या. युद्धात पडझड झालेल्या म्युनिक शहरातील पोकळ्या तपासून त्या आल्या होत्या आणि सापडलेल्या जागेची दिशा व अंतर नाचून सांगत होत्या. अवजारांच्या खोलीची भेगही अशीच कोणा माशीने आतून चालून पाहिलेली असते.

तेव्हा मोहोळ घालविण्याआधी ते कोणाचे, हे पाहिले पाहिजे. मातीचे घर करणारी कुंभारीण माशी एकटी राहते व सहसा कोणाच्या वाटेस जात नाही. कागदासारखे पोळे करणारी गांधीलमाशी निराळी. तिच्याजवळ मध नसतो. भेगेत किंवा खोक्यात एकाआड एक अशी अनेक पोळी बांधते ती सातेरी. ही तुलनेने शांत असून पेटीत पाळता येते. छपराच्या वळचणीखाली अथवा उंच फांदीवर एकच मोठे उघडे पोळे लोंबते ते आग्या मोहोळ. ते हंगामानुसार स्थलांतर करते आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे त्याच जागी येते. आग्या मोहोळाला शिक्षकाने हात लावू नये आणि कोणाला लावू देऊ नये. त्याच्याखालची वाट दोरी बांधून बंद करावी, मुलांचे खेळ दुसरीकडे न्यावेत आणि जाणत्या माणसास बोलवावे. दगड, धूर आणि फटाके यांनी आग्या माशी खवळली तर दूरवर पाठलाग करते.

काही वेळा खोलीत मोहोळ नसतेच. उन्हाळ्यात घर थंड राखण्यासाठी माश्यांना पाणी लागते आणि गळक्या नळाभोवती त्या दिवसभर ये-जा करतात. तेथे नळ दुरुस्त करावा आणि बागेच्या दूरच्या टोकास उथळ परळात खडे घालून पाणी ठेवावे. एवढ्यावर काम भागते.

सातेरीचे मोहोळ असल्यास भेग लिंपून माश्या आत कोंडण्याचा मोह होतो. यासारखी दुसरी चूक नाही. कोंडलेल्या माश्या दुसरी फट शोधतात आणि ती वर्गात उघडणारी निघाली तर अनर्थ ओढवतो. त्या मेल्या तरी मध पाझरतो, मुंग्या लागतात, पोळ्यात मेणकिडा होतो. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वर येथे आहे. त्यांच्याकडे विचारणा करून प्रशिक्षित मधपाळ मिळवावा. तो पोळी कापून मधपेटीच्या चौकटींना बांधतो आणि राणीसह माश्या पेटीत घेतो. हे काम मुले नसताना करावे. पेटी संध्याकाळी, सर्व माश्या परतल्यावर, तीन किलोमीटरांहून दूर न्यावी. शाळेच्याच आवारात चार हात सरकवली तर चरावयास गेलेल्या माश्या जुन्याच जागी येतील.

माशीने दंश केला तर मुलास प्रथम तेथून दूर न्यावे, कारण दंशाच्या वेळी सुटणारा वास इतर माश्यांस चेतवितो. नांगी कातडीत राहते व विष सोडीत असते. ती ओरखडून काढावी की चिमटीने, या वादात वेळ दवडू नये. जशी निघेल तशी तत्काळ काढावी. जागा धुऊन गार पाण्याची घडी ठेवावी. मात्र अंगभर गांधी उठल्या, ओठ वा जीभ सुजली, श्वास लागला किंवा घेरी आली, अथवा दंशच पुष्कळ झाले, तर घरगुती उपाय करीत न बसता १०८ क्रमांकास कळवावे आणि रुग्णालयात न्यावे. पूर्वी दंशाने असा त्रास झालेले मूल कोणते, हे पालकांना विचारून वर्गशिक्षकाने आधीच टिपून ठेवलेले बरे.

मोहोळ हलविल्यावर खरे काम उरते आणि नेमके तेच टाळले जाते. पोळ्याचे अवशेष खरवडून काढावेत, मेणाचे डाग गरम पाण्याने व साबणाने घासावेत, कोरड्या जागेवर चुन्याचा हात द्यावा. नंतरच भेग सिमेंटने भरावी. झरोका ठेवणे आवश्यक असल्यास त्यास तीन मिलिमीटरांहून बारीक जाळी बसवावी. रिकामी खोकी व मडकी पालथी पडू देऊ नयेत. सुट्टीतही आठवड्यातून एकदा दार उघडावे.

दोन-तीन दिवस काही चुकार माश्या बंद झालेल्या भेगेपाशी घिरट्या घालतील. मुलांनी दूर सावलीत बसून रोज ठरलेल्या वेळी त्या मोजाव्यात आणि आकडा निसर्गनोंदवहीत लिहावा. तो लवकरच कमी होत जातो. तसे न होता माश्या एखाद्या नव्या फटीत शिरताना दिसल्या, तर मधपाळास त्याच आठवड्यात पुन्हा बोलवावे.