प्रवेश कोणाला दिला?



शाळा उघडण्याच्या तोंडावर शिक्षकांनी संमेलन भरवणं हे धाडसच. वेळापत्रक जुळत नाही, पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे सोडायचे राहिलेत, छपराची गळती तशीच आहे. तरी तुम्ही आलात, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

कॅथलिक शाळेचं मोल काय, असं पालकांना विचारलं तर शिस्त, इंग्रजी आणि निकाल ही तीन उत्तरं येतात. तिन्ही खोटी नाहीत. पण शिस्त सैनिकी शाळेतही मिळते, इंग्रजी माध्यम आता गल्लोगल्ली आहे आणि निकालाचं श्रेय तर क्लासवाले आधीच घेऊन जातात. मग आपलं असं काय उरतं?

माझ्या मते शाळेची पारख एकाच गोष्टीवरून होते : तिनं दारातून आत कोणाला घेतलं?

माझगावचं सेंट मेरीज १८६४चं, धोबीतलावचं सेंट झेवियर्स १८६९चं. या नावांचा दबदबा आजही आहे आणि तो त्यांनी कमावलेला आहे. पण आपल्या परंपरेत दुसऱ्या वळणाच्याही शाळा आहेत, ज्यांच्या प्रवेशासाठी कोणी वशिला शोधत नाही. वसईतल्या चर्चशेजारच्या मराठी शाळा घ्या. घरी कादोडी किंवा वाडवळी बोलणारी, बागायतदारांची आणि शेतमजुरांची मुलं तिथे एका बाकावर बसली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालच्या संत जोसेफ मराठी शाळेतून आले. पुढे त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२०मध्ये त्यांना उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही मिळालं. मराठीनं एका धर्मगुरूला हा मान दिला, त्यात या गावच्या शाळेचाही वाटा आहे. आज अशाच शाळांची पटसंख्या घसरते आहे, तुकड्या बंद होताहेत, शिक्षक अतिरिक्त ठरताहेत. आणि आपलीच माणसं आपली मुलं शेजारच्या इंग्रजी माध्यमात घालताहेत. (इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी घातलीत, ते विचारत नाही.)

आता कडू भाग. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं २०२१मध्ये अल्पसंख्याक शाळांचा अहवाल काढला. ख्रिस्ती शाळांतली ७४ टक्के मुलं ख्रिस्ती नाहीत, असं त्यात आहे. हे मला अभिमानाचं वाटतं. पण त्याच अहवालात असंही आहे की, सर्व अल्पसंख्याक शाळा मिळून सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित घरातली मुलं केवळ ८.७६ टक्के आहेत. आयोगाच्या हेतूवर आपण शंका घेतली आणि ती घ्यायला जागाही होती. मात्र हेतूवर बोट ठेवलं म्हणून आकडा पुसला जात नाही. या देशातल्या धार्मिक अल्पसंख्याकांच्या शाळांपैकी जवळपास ७२ टक्के शाळा ख्रिस्ती समाज चालवतो. तेव्हा ते ८.७६ प्रामुख्यानं आपल्याच माथ्यावर येतात.

वंचित मुलांसाठी २५ टक्के जागा राखण्याची शिक्षणहक्क कायद्यातली अट अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१४मध्ये दिला. राज्यघटनेच्या कलम ३०नं अल्पसंख्याकांना दिलेला आपल्या शाळा चालवण्याचा अधिकार मोलाचा आहे, तो सोडावा असं मी म्हणणार नाही. पण सवलत मिळाली म्हणून जबाबदारीही सुटली, असा अर्थ आपल्यातल्या काहींनी सोयीनं लावला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणाविषयीचा जाहीरनामा काढला. कॅथलिक शाळांनी गरिबांची, कुटुंबाच्या मायेला पारखी झालेल्यांची आणि या श्रद्धेबाहेरच्या मुलांची विशेष काळजी घ्यावी, असं तो सांगतो. कायद्याचे २५ टक्के नाकारणाऱ्यांनी या जाहीरनाम्याचे किती टक्के पाळले?

परिपाठाला प्रार्थना होते, नाताळ थाटात होतो, मूल्यशिक्षणाचा तास वेळापत्रकात असतो. छानच आहे. पण मूल मूल्य शिकतं ते फी थकलेल्या वर्गमित्राशी ऑफिस कसं बोलतं ते ऐकून. तो धडा आपण रोज देत असतो, आपल्याला हवा असो वा नसो.

म्हणून एकच विनंती. प्रवेशअर्जात आईवडिलांचं शिक्षण आणि उत्पन्न विचारणारे रकाने असतील, तर मूल निवडण्यासाठी ते वापरू नका. ते वाचायचेच असतील, तर फी कोणाची माफ करायची हे ठरवण्यासाठी वाचा. आणि ही सुरुवात याच जूनपासून करा.