कष्टकऱ्यांचे हात आणि मनगटाची व्याधी



मध्यरात्री हाताला मुंग्या येऊन जाग यावी, हात झटकल्यावर थोडे बरे वाटावे आणि दिवसा हातातील वस्तू नकळत निसटावी, असा अनुभव अनेक कष्टकरी स्त्रीपुरुषांना येतो. ‘वात असेल’ असे म्हणून तो अंगावर काढला जातो. पुष्कळदा त्याच्या मुळाशी कार्पल टनल सिंड्रोम ही व्याधी असते.

मनगटात तळहाताच्या बाजूस, हाडे व एक जाड आडवा पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. बोटे मिटविणाऱ्या नऊ कंडरा आणि मीडियन हा मज्जातंतू त्यातून जातात. बोगदा फारसा रुंदावत नाही. म्हणून आत सूज आली की मज्जातंतूवर दाब पडतो. मग अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते. करंगळीचा मज्जातंतू वेगळा असल्यामुळे ती बहुधा सुटते. ही खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

या व्याधीचा कामाशी संबंध आहे काय? जोर लावून तीच ती हालचाल दीर्घकाळ करणे, थरथरणारी यंत्रे हाताळणे आणि मनगट फार वाकवून काम करणे, या कारणांनी होणाऱ्या या व्याधीचा समावेश आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०१० मध्ये व्यवसायजन्य रोगांच्या यादीत केला. फाउंड्रीत ग्राइंडर चालविणारा कामगार, दिवसभर जाड कापड कात्रीने कापणारा शिंपी यांनी म्हणूनच सावध असावे. संगणकाच्या कळफलकाविषयीचा पुरावा मात्र तितका भक्कम नाही.

तथापि सारा दोष कामाचाच नसतो. मधुमेह, थायरॉइडची न्यूनता, संधिवात, गरोदरपण, मनगटाचे जुने हाड मोडणे हीही कारणे आहेत. स्त्रियांत ही व्याधी अधिक आढळते. म्हणून रुग्णाने डॉक्टरांना आपले काम नेमके सांगावे आणि रक्ततपासणीही टाळू नये. त्याचप्रमाणे, रुग्णाला मधुमेह आहे एवढ्यावरून कामाचा भाग नाकारणे न्याय्य नव्हे.

आरंभी रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधल्याने अनेकांना आराम पडतो. गरज भासल्यास डॉक्टर इंजेक्शन देतात अथवा तो आडवा पट्टा कापून दाब मोकळा करतात. परंतु दीर्घकाळ दुर्लक्ष झाल्यास अंगठ्याच्या बुडाचे मांस झडते, पकड जाते आणि शस्त्रक्रियेनंतरही ती पूर्ण परत येईलच असे नाही. ज्याचे पोट हातावर, त्याच्या दृष्टीने हे नुकसान लहान नव्हे.

हत्यारांना धार असावी, मूठ हाताच्या मापाची असावी, यंत्रांची देखभाल वेळेवर व्हावी आणि कामात आलटापालट व विसावा असावा. कारखान्यांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांनी या गोष्टी पाहाव्यात. शिक्षकांनी पालकसभेत ही लक्षणे सांगावीत. बधिर हात हा आळसाचा पुरावा नसून वेळीच ऐकावयाचा इशारा आहे, एवढे घरोघरी कळले तरी अनेकांचे हात कामाचे राहतील.