लोकरंजन करणारे आणि आपण

(आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात चऱ्होली बुद्रुक येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषयाची निवड त्यांनी आमच्यावरच सोपविली. शिक्षण, हुंडा, विवाहातील खर्च, वसतिगृह या विषयांवर या व्यासपीठावरून पुष्कळ वेळा बोलून झाले आहे, आणि ते आमच्याहून अधिकारी व्यक्तींनी केले आहे. म्हणून आज आम्ही थोडा आडवाटेचा विषय घेतला आहे. आपले रंजन करणारी जी माणसे, ढोलकीवाला, सोंगाड्या, नाचणारी बाई, वगातला राजा, यांच्याशी आपण कधी बोलतो काय, आणि बोललो तर ती काय सांगतात, हा तो विषय होय. प्रारंभीच सांगून टाकतो, की या विषयाच्या पोटात आमच्या हातून घडलेली एक चूक दडलेली आहे. तिच्याकडे आम्ही शेवटी येऊ.

हा विषय चऱ्होलीस बोलावा, यालाही कारण आहे. इंद्रायणीच्या काठी वाघेश्वराच्या छायेत वसलेल्या या गावापासून माउलींची आळंदी हाकेच्या अंतरावर आहे. या पंचक्रोशीत जत्रेचा क्रम पिढ्यान् पिढ्या ठरलेला असे: पहाटे अभिषेक, दिवसा बैलगाडे आणि कुस्त्या, संध्याकाळी पालखी, आणि रात्री तमाशा. कीर्तनाला बसणारे आणि फडापुढे बसणारे लोक निराळे नव्हते. एकनाथमहाराजांनी सोंगे घेऊन भारुडांतून परमार्थ सांगितला, तेव्हापासूनच रंजन आणि उपदेश हे या भूमीत एकाच घरात नांदत आले आहेत. पुढे पिंपरीस १९५४ साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला, त्यामागून आकुर्डी, चिंचवड, भोसरी, चाकण असा यंत्रांचा पट्टा पसरत गेला. चऱ्होलीही १९९७ साली महानगरपालिकेत आली. शेतांच्या जागी इमारती झाल्या. परंतु जत्रा राहिली, वर्गणी राहिली, आणि रात्रीच्या कार्यक्रमाची हौसही राहिली. बदलले ते एवढेच, की पूर्वी फडातील माणसे गावाच्या ओळखीची असत. आता ती रात्री येतात आणि उजाडण्यापूर्वी जातात.

गेल्या काही वर्षांत आम्ही या माणसांशी आणि त्यांच्या कलेचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांशी जमेल तसे बोललो. नारायणगाव येथून दूर नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, तारखा पाहतात, आणि सुपारी देऊन फड ठरवून जातात. दसऱ्याला बाहेर पडलेला फड वैशाखातील पौर्णिमेपर्यंत फिरत असतो. तंबू, मालमोटारी, दिवे, वाजविणारे, नाचणाऱ्या, स्वयंपाकी असा शेकडा माणसांचा संसार त्यामागे असतो. हंगाम सुरू होण्यापूर्वीच कलावंताने मालकाकडून उचल घेतलेली असते, आणि मालकाने ती सावकाराकडून आणलेली असते. म्हणजे ढोलकीवर पहिली थाप पडते, तीच मुळी कर्जावर पडते.

एका फडमालकास आम्ही विचारले, की गावचे पंच सुपारी ठरविताना काय पाहतात? त्याच्या उत्तराचा आशय असा होता, की पूर्वी लोक विचारीत, यंदा वग कोणता? आता विचारतात, मुली किती आणि सिनेमाची गाणी किती? गण, गौळण, बतावणी आणि मग वग अशी जी तमाशाची शिडी, तिची वरची पायरी म्हणजे वग. त्यातच कथा, त्यातच राजावरची टीका, त्यातच सोंगाड्याची हजरजबाबी. तो वग आता मध्यरात्रीनंतर उरल्यासुरल्या मंडळींपुढे उरकला जातो, आणि पुष्कळदा तोही होत नाही.

हेच आम्ही एका व्यासंगी समीक्षकांपुढे मांडले. ते म्हणाले, की हा ऱ्हास आहे. मूळ रूप जपले पाहिजे. सिनेमाने आणि ध्वनिवर्धकाने तमाशा बुडविला. त्यांचे म्हणणे आम्ही एका वयोवृद्ध नर्तकीच्या कानी घातले, तेव्हा ती हसली. मूळ रूप जपण्याचा खर्च कोण देणार, असे तिने विचारले. तिच्या आजीच्या काळीही जुने लोक हेच म्हणत होते, असेही तिने वर सांगितले. आमच्या मते दोघेही खरे बोलत होते. विद्वान कलेविषयी बोलत होते आणि बाई पोटाविषयी बोलत होती. आपण मात्र फक्त विद्वानांचे ऐकतो, कारण ते आपल्या पंक्तीला बसतात.

येथे 'ज्ञाती' हा शब्द आल्यावाचून राहत नाही, आणि ज्ञातीच्या मेळाव्यात तो टाळणे हा भित्रेपणा ठरेल. पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहीर पाहा. रामजोशी आणि अनंत फंदी ब्राह्मण, परशराम शिंपी, होनाजी गवळी, सगनभाऊ मुसलमान. लावणी ही कोणा एका ज्ञातीची मिरास नव्हती. परंतु फड उभा करणे, पायांत चाळ बांधणे आणि गावोगाव हिंडणे हे ओझे हळूहळू महार, मांग, कोल्हाटी या समाजांच्या डोक्यावर राहिले, आणि टाळ्या वाजविण्याचे काम इतरांकडे आले. रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी या ब्राह्मणाने घरदार सोडून फड धरला आणि महार समाजातील पवळाबाईंच्या साथीने अवघा महाराष्ट्र वेडा केला. तेच पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५). त्यांच्या लावण्या घरोघर पोहोचल्या. ते स्वतः मात्र विपन्नावस्थेत गेले.

दुसरे उदाहरण घ्या. बालगंधर्व स्त्रीवेष घेत, तर सुशिक्षित घरांतील स्त्रिया त्यांच्या नेसण्याचे अनुकरण करीत. १९६४ साली त्यांस पद्मभूषण मिळाले, आणि ते सर्वथा योग्यच झाले. तमाशातील नाच्याही स्त्रीवेषच घेई. पण त्याचे नाव आपल्या भाषेत शिवी होऊन बसले. तसेच १९६५ साली वसंत सबनिसांचे 'विच्छा माझी पुरी करा' दादा कोंडके यांनी रंगमंचावर आणले, तेव्हा शहरातील सभ्य कुटुंबे तिकिटे काढून तमाशाचाच बाज पाहू लागली. परंतु त्याला 'लोकनाट्य' म्हटले गेले. नाव बदलले की विटाळ जातो, अशी ही आपली सोयिस्कर समजूत!

आता विठाबाई नारायणगावकरांचे चरित्र पाहा. १९३५ साली जन्म. भाऊ-बापू मांग नारायणगावकर या नामांकित फडाचा वारसा. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, कनातीमागे जाऊन प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली, आणि पुन्हा लोकांपुढे आल्या. ही हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे, आणि आपण ती कौतुकाने सांगतो. पण आम्हांस नेहमी वाटते, की या कथेतील आपली भूमिका कोणती? कनातीच्या पलीकडे बसून जे खेळ पुढे चालविण्यासाठी ओरडत होते, ते आपणच नव्हे काय? १९६२ च्या युद्धप्रसंगी त्या ईशान्य सीमेवर जवानांपुढे नाचल्या. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. २००२ साली त्या निवर्तल्या, तेव्हा औषधोपचारासाठी पैशांची तजवीज करावी लागत होती. पुढे २००६ पासून शासनाने त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. सन्मान आला, पण तो यावयाचा तेव्हा आला नाही.

कलावंताला विचारून घेतले, आणि त्याने मोकळेपणाने सांगितले, तर काय हाती लागते याचा उत्तम दाखला म्हणजे हंसा वाडकर. 'रामजोशी' (१९४७) आणि 'सांगत्ये ऐका' (१९५९) या चित्रपटांतील तमासगिरिणींच्या भूमिका आपल्या आईवडिलांनी डोळे भरून पाहिल्या. 'सांगत्ये ऐका' तर पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. या बाईंनी पुढे अरुण साधू यांच्यापाशी आपले आयुष्य कथन केले. ते आधी 'माणूस'मधून आणि मग १९७० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले, व त्याच आधारावर १९७७ साली श्याम बेनेगल यांनी 'भूमिका' काढला. त्या कथनात कलेची स्तोत्रे थोडी आहेत. लहानपणी घरच्या गरजेपोटी कामावर पाठविलेली मुलगी त्यात आहे, तिच्या मिळकतीवर बसलेली माणसे आहेत, आणि साध्या संसाराची न भागलेली भूक आहे. ज्या प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतले, त्यांच्यापैकी कोणी तिला सून म्हणून उंबऱ्याआत घेतले असते, असे आम्हांस वाटत नाही.

सुदैवाने असे विचारणारे नंतरही निघाले. योगीराज बागूल यांनी विठाबाईंचे चरित्र लिहिले. भूषण कोरगावकर यांनी संगीत बारीतील स्त्रियांशी वर्षानुवर्षे परिचय ठेवून त्यांच्यावर पुस्तक केले. वाईच्या यमुनाबाई वाईकर बैठकीच्या लावणीची अदाकारी नव्या पिढीपुढे ठेवीत शंभरी ओलांडून २०१८ साली गेल्या. त्यांस २०१२ साली पद्मश्री मिळाली होती. त्यांच्यासारख्यांची विद्या एका बसल्या जागी, एका ओळीचे अनेक अर्थ डोळ्यांनी आणि हातांनी उलगडून दाखविणारी असते. ती कळावयास पाहणाराही तयार असावा लागतो.

बंधुभगिनींनो, आता आमच्या घरची गोष्ट.

आमचे एक चुलत आजोबा उत्तम ढोलकी वाजवीत. तरुणपणी ते एका फडाबरोबर निघून गेले. ज्ञातीच्या पंचांनी त्यांस पंक्तीबाहेर ठेवले. घरच्यांनीही मान तुकविली, कारण घरात लग्नाच्या मुली होत्या. म्हातारपणी ते गावी परतले. देवळातील भजनात त्यांस कोणी मृदंगाला बसू देत नसे. ते मागे खांबाला टेकून बसत आणि गुडघ्यावर बोटे चालवीत. लहानपणी आम्ही त्यांच्या शेजारी बसत असू. ताल म्हणजे काय, हे आम्हांस त्या गुडघ्यावरून कळले. त्यांच्या मृत्यूनंतर ढोलकीचे खोड पुष्कळ दिवस माळ्यावर होते. पुढे ते चुलीत गेले.

पुष्कळ वर्षांपूर्वी आपल्या स्मरणिकेत कुटुंबांच्या वंशावळी छापण्याचे ठरले. आमच्या घराण्याची वंशावळ आम्हीच लिहून दिली. तीत त्यांचे नाव नाही. कोणी आम्हांस ते गाळावयास सांगितले नव्हते. आमच्या लेखणीनेच ते गाळले, आणि त्या वेळी आम्हांस त्यात काही वावगेही वाटले नाही. फडावरच्या लोकांशी बोलू लागल्यावर एका म्हाताऱ्या ढोलकीवाल्याने सहज विचारले, की तुमच्या घराण्यात कोणी वाजविणारे होते काय? आमच्या तोंडून 'नाही' असे उत्तर गेले. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

तेव्हा आज तीन विनंत्या करून आम्ही भाषण संपवितो. पहिली अशी, की आपल्या गावांच्या जत्रा कमिट्यांवर आपल्या ज्ञातीचे जे सभासद आहेत, त्यांनी सुपारी देताना वग कोणता हे विचारावे, तो पुरा होऊ द्यावा, आणि ठरलेली बिदागी त्याच रात्री चुकती करावी. २०२० आणि २०२१ साली महामारीमुळे जत्रा बंद राहिल्या, तेव्हा उचल फेडता न आलेले कलावंत शेतमजुरीला गेले, हे विसरू नये. दुसरी अशी, की आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्तीत वाद्य, गायन आणि नाट्य शिकणाऱ्या मुलामुलींसही स्थान असावे, आणि स्थळे पाहताना तो दोष मानला जाऊ नये. शतकी नाट्यसंमेलन २०२४ साली आपल्याच चिंचवडात भरले. त्या मांडवात आपण अभिमानाने मिरविलो. तो अभिमान स्वतःच्या लेकरापाशी येऊन थांबू नये.

तिसरी विनंती आमची खाजगी आहे. आमच्या चुलत आजोबांचे नाव आम्ही या व्यासपीठावरून उच्चारीत नाही. ते आम्ही चिटणीसांकडे लिहून दिले आहे. वंशावळीत, त्यांच्या भावांच्या शेजारी, ते त्यांच्या जागी छापले जावे, आणि नावापुढे 'ढोलकीवादक' एवढाच शब्द असावा.