सही नंतर, सवाल आधी
(चंदगडच्या बैठकीतलं बोलणं)



आपल्या चंदगडात बॉक्साइट निघतं, सोन्याचं काम इथं नाही. तरी ते समजून घेऊ. कुठलीही खाण आली की काय विचारायचं, ते त्यातून कळतं.

हलक्या प्रतीच्या एक टन दगडात सोनं जेमतेम एक ग्रॅम. म्हणजे तोळ्यामागं दहा टनांहून जास्त दगड फोडायचा. त्यात बारीक माती राहिली तर ढिगातून पाणी झिरपत नाही, तुंबतं. म्हणून चुना, सिमेंट, पाणी घालून फिरत्या पिंपात तिच्या गोळ्या वळतात. मग प्लास्टिकवर ढीग लावायचा, वरून सायनाईडचं पाणी सोडायचं. चुना कमी पडला तर विषारी वायू सुटतो. प्लास्टिक फाटलं तर विष ओढ्यात.

अमेरिकेत समिटव्हिलला असंच विष नदीत गेलं. १९९२ साली कंपनीनं दिवाळं काढलं. निस्तरायला सरकार राहिलं.

आपला पाऊस तुम्हाला सांगायला नको. ताम्रपर्णी, घटप्रभा इथूनच खाली जातात. म्हणून विचारा : खाणीचं पाणी कुठं जाणार? ढीग कोण उचलणार?

ओडिशात नियमगिरीच्या बाराही ग्रामसभांनी २०१३ साली बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. आपणही सामूहिक वनहक्काचे दावे भरू. त्या ग्रामसभेला गावची निम्मी माणसं पाहिजेत, हजर असणाऱ्यांत तिसरा हिस्सा बाया. बायांनो, चूल थांबली तरी चालंल, सभा चुकवू नका!