सेवाभावी संस्था आणि तिचे सेवक
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात बेळगाव येथे दिलेले भाषण)



आजच्या दिवशी संस्थापकांचे आणि देणगीदारांचे ऋण मानणे उचितच आहे. परंतु बालवाडीच्या दाया, दवाखान्यातील परिचारिका, कचेरीतील कारकून आणि शाळेतील आम्ही शिक्षक यांचाही या कार्यात वाटा आहे. रजा, वेतन आणि सन्मान यांबाबत ही मंडळी कोणत्या आधारावर उभी आहेत, एवढाच प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत.

'संस्था म्हणजे एक कुटुंब' असे आपण अभिमानाने म्हणतो. त्यात माया आहे, तशी अडचणही आहे. कुटुंबात हक्क मागणे अशोभनीय मानले जाते. मग रजा ही मेहेरबानी होऊन बसते आणि तक्रार करणारी बाई घरभेदी ठरते.

कायद्यानेही धर्मादाय संस्थांना काही ठिकाणी बाजूस ठेवले आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने, पूर्णतः वा मुख्यतः धर्मादाय कार्य करणाऱ्या मंडळांच्या संस्था 'उद्योग' या व्याख्येतून वगळल्या. शिक्षक 'कामगार' या व्याख्येत बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1988 साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात ठरविले. तेव्हा आमच्यासारख्यांना सेवानियमांचा मोठा आधार. ते लेखी नसतील, तर आधार कसला?

प्रसूतिरजेचा इतिहास आपल्या भागाशी निगडित आहे. कारखान्यांतील स्त्रियांसाठी मुंबई इलाख्यात 1929 साली प्रसूतिलाभाचा कायदा झाला, तेव्हा बेळगाव त्याच इलाख्यात होते. 1928 साली त्या विधेयकाची बाजू घेताना, मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंडळात प्रतिपादन केले होते. आज सामाजिक सुरक्षा संहितेनुसार, कारखान्यांत तसेच 10 वा अधिक माणसे असलेल्या दुकानांत व आस्थापनांत, मागील 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम केलेल्या स्त्रीस पहिल्या दोन अपत्यांच्या वेळी 26 आठवड्यांची सवेतन रजा मिळते; गर्भपात झाल्यास 6 आठवड्यांची. या रजेवर असताना तिला कामावरून काढणे बेकायदेशीर आहे. रोजंदारीवरील बायकांनाही प्रसूतिलाभ नाकारता येत नाही, असा निर्णय दिल्ली महानगरपालिकेच्या प्रकरणात 2000 साली झाला. कायद्याचे कोणते कलम लागू होते याचा खल करीत न बसता हे माप आपण आपल्या नियमांत का लिहू नये?

भेदभावाचेही तसेच. समान कामास समान वेतन देताना स्त्री-पुरुष भेद करता येत नाही. ऑड्री डिकोस्टा या मुंबईतील लघुलेखिकेच्या खटल्यात, वेतन देण्याची ऐपत नाही ही सबब 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. 'संस्था गरीब आहे' असे म्हणताना हे आठवावे. राज्यघटनेचे 16 वे कलम धर्म, जात, लिंग यांवरून सरकारी नोकरीत भेद करू देत नाही. खासगी नोकरीत धर्मावरून होणाऱ्या भेदास रोखणारा तसा सर्वंकष कायदा नाही. तिथे संस्थेची नियत आणि संस्थेचा नियम हीच हमी.

मात्र एका बाबतीत आपल्याला मुळीच सूट नाही. विशाखा प्रकरणाच्या 1997 च्या निकालानंतर 2013 साली कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. त्यात विश्वस्तसंस्था आणि शैक्षणिक संस्था यांचा नावानिशी उल्लेख आहे. विनावेतन काम करणारी स्वयंसेविकाही त्याच्या संरक्षणाखाली येते. 10 वा अधिक माणसे काम करीत असतील, तर अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. तिची अध्यक्षा वरिष्ठ पदावरील स्त्री असावी, निदान निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात आणि एक व्यक्ती बाहेरची असावी. समिती न नेमल्यास 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. माणसे कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते.

तक्रार 3 महिन्यांच्या आत लेखी द्यावयाची. सबळ कारण असल्यास समिती आणखी 3 महिने वाढवू शकते. चौकशी 90 दिवसांत संपली पाहिजे. या काळात पीडित स्त्रीच्या लेखी विनंतीवरून समिती तिला 3 महिन्यांपर्यंत जादा रजा देण्याची शिफारस करू शकते. 'आपसांत मिटवून टाका' असे वडीलधाऱ्यांनी सुचविणे हा मार्ग नव्हे. समेट तिनेच मागितला तर होतो आणि तो पैशाच्या आधारावर होऊ शकत नाही. केवळ पुरावा अपुरा पडला, एवढ्यावरून तिची तक्रार खोटी ठरत नाही.

विश्वस्त मंडळींना आमची नम्र विनंती एवढीच की, या महोत्सवी वर्षात तीन गोष्टी कराव्यात. रजेचे नियम मराठीत आणि कन्नडमध्ये छापून दाईपासून मुख्याध्यापकापर्यंत प्रत्येकाच्या हाती द्यावेत. समितीची नावे दर्शनी फलकावर लावावीत. आणि नेमणुकीत व वेतनात धर्म, जात वा लिंग पाहिले जाणार नाही, असा ठराव इतिवृत्तात नोंदवावा. कुटुंबाची माया त्याने कमी होणार नाही. उलट ज्या घरात धाकट्यालाही आपला वाटा ठाऊक असतो, त्या घरात भांडणे कमी होतात.